पुलामागचा घोळ

मे महिन्यातल्या एका रात्री नऊ वाजता ॲरिझोनातून पुण्याला फोन लागला. पुण्यात सकाळचे साडेनऊ झाले होते आणि बाबा पेपर वाचत होते.

"बाबा, पूल गळतोय."

बाबांनी पेपर खाली ठेवला. "कुठला? म्हात्रे पूल?"

"नाही हो. आमचा."

"तुमच्याकडे नदी आहे?"

"आमचा म्हणजे घरामागचा. स्विमिंगचा."

"मग टँक म्हण ना! सकाळी सकाळी पूल गळतोय म्हणून काय सांगतोस."

गैरसमजाला जागा होती. मराठीतला पूल पाण्याच्या वर असतो आणि इंग्रजीतला पाण्यानं भरलेला. दोन्हींच्या गळतीची बातमी ऐकून माणूस सारखा दचकत नाही. शिवाय जुन्या पुणेकराच्या लेखी पोहायच्या जागेला एकच शब्द आहे, तो म्हणजे टँक. टिळक टँकवर पाठीला डबा बांधून पाण्यात ढकलल्या गेलेल्या पिढीला 'स्विमिंग पूल' हा शब्द अजूनही हॉटेलच्या जाहिरातीतला वाटतो.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं सगळं आयुष्य गळतीच्या सहवासात गेलं होतं. दगडी धरणाच्या पोटात निरीक्षणासाठी एक बोगदा ठेवलेला असतो. झिरपलेलं पाणी तिथे गोळा होतं आणि इंग्रजी 'व्ही'च्या आकाराच्या खाचेतून पुढे जातं. त्या खाचेतली पाण्याची उंची मोजून गळतीची नोंदवहीत नोंद होते. त्यामुळे गळती म्हटल्यावर बाबांच्या तोंडून "अरेरे" निघत नसे. त्यांनी विचारलं, "किती?"

"काय किती?"

"गळती. दिवसाला किती लिटर?"

मुलाला ते माहीत नव्हतं. तिकडे शांतता पसरली. खात्यात असता तर मुलाला मेमो मिळाला असता.

मुलगा राहतो चँडलरला, फिनिक्सच्या आग्नेयेला. चिपच्या कारखान्यांमुळे तिथे भारतीय इंजिनिअरांची वस्ती भरपूर, आणि हाही त्याच धंद्यातला. रोजचं काम नॅनोमीटरमध्ये. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, हे इथे सांगून ठेवायला हवं, कारण पुढे त्याचं घोडं इंचावर अडणार आहे.

फिनिक्सला वर्षाचा पाऊस सात-आठ इंच, म्हणजे पुण्यात एका बऱ्या जुलैत पडतो तेवढा. तरीही तिथली माणसं १५ जून ते ३० सप्टेंबर या काळाला 'मान्सून' म्हणतात आणि टीव्हीवर त्याच्या आगमनाच्या बातम्याही देतात. २०२३ साली तिथे सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सियस, किंवा त्याच्याही वर गेला होता. अशा ठिकाणी घरामागे पाण्यानं भरलेला हौद बाळगायचा, हे कोणाला सुचलं असा प्रश्न पडू शकतो. पण ४३ अंशांत तिथे राहून पाहिलं की त्याशिवाय दुसरं काही सुचणार नाही हेही पटतं.

मुलाचा हौद १५,००० गॅलनचा. बाबांनी त्याचं लगेच मराठीकरण केलं: सत्तावन्न हजार लिटर, म्हणजे पावणेसहा टँकर. सोसायटीत टँकर मोजण्यात उमेदीची वर्षं गेलेल्या माणसाला पाण्याचं दुसरं परिमाण पटत नाही.

पण हे पाणी येतं कुठून, हे कळल्यावर मात्र बाबा चटईवरून खुर्चीत आले. ॲरिझोनाच्या वाट्याचं बरंच पाणी कोलोरॅडो नदीतून, लेक हवासू नावाच्या जलाशयातून उचललं जातं. पहिलंच पंपघर ते ८२४ फूट वर चढवून डोंगरातल्या बोगद्यात ढकलतं, आणि मग ३३६ मैलांचा कालवा ते वाळवंटातून फिनिक्सकडे आणि त्याही पुढे टूसॉनकडे नेतो.

"८२४ फूट? एका टप्प्यात?"

"हो."

"म्हणजे उपसा सिंचन! आमच्या म्हैसाळ-टेंभूसारखं." बाबांच्या आवाजात एकदम आपुलकी आली. "आणि एवढं वर चढवलेलं पाणी तू परसात गाळतोयस?"

त्या नदीतलं पाणीही आता पूर्वीसारखं राहिलेलं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकी सरकारनं कोलोरॅडोवर इतिहासातली पहिली टंचाई जाहीर केली आणि सर्वांत मोठी कपात ॲरिझोनाच्या वाट्याला आली. मुलगा हे सांगायला विसरला. सांगितलं असतं तर बाबा पुढच्या विमानानं आले असते. ते आले नव्हते याचं कारणही पाण्याशीच निगडित होतं. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीचं वॉटरप्रूफिंग काढलं होतं आणि सेक्रेटरीनं जागा सोडणं बरं दिसलं नसतं. आई मात्र नातवंडांसाठी सहा महिने चँडलरला होती.

गळती लक्षात आली ती आवाजावरून. या हौदांना आपोआप भरणारा नळ असतो. आपल्या टाकीत फ्लोट असतो तोच प्रकार. पाणी उतरलं की नळ उघडतो आणि पातळी जागेवर आली की बंद होतो. सोय उत्तम, पण गळतीच्या बाबतीत हा नळ म्हणजे असा प्रामाणिक नोकर, की तिजोरीतून पैसे गेले तर मालकाला त्रास नको म्हणून मालकाच्याच दुसऱ्या खिशातून काढून हिशेब पुरा करून ठेवतो. एका रात्री उशिरा मुलाला परसातून सुस्स् असा बारीक आवाज आला. त्याला वाटलं साप. ॲरिझोनात हा विचार आधी करावा लागतो. टॉर्च घेऊन गेला तर नळ पाणी भरत होता. दुसऱ्या रात्री तेच, तिसऱ्या रात्रीही तेच.

अमेरिकेत गळतीबद्दल जागृती नाही असं नाही. तिथलं पर्यावरण खातं दर मार्चमध्ये गळती दुरुस्तीचा एक आठवडाच साजरा करतं. त्याच खात्याचं एक वाक्य मुलानं बाबांना वाचून दाखवलं: सेकंदाला एक थेंब गळणारा नळ वर्षाला ३,००० गॅलनहून जास्त पाणी वाया घालवू शकतो. बाबांनी ते कागदावर घेतलं. वर्षाचे सेकंद तीन कोटी पंधरा लाख, ३,००० गॅलन म्हणजे ११,३५० लिटर, भागाकार केला तर एक थेंब ०.३६ मिलिलिटरचा.

"सलाईनच्या नळीत वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो," बाबा म्हणाले. "म्हणजे आपला थेंब ०.०५. त्यांचा सातपट. तुमच्याकडे थेंबसुद्धा एक्स्ट्रा लार्ज मिळतो का रे?"

नळाचा थेंब सलाईनच्या थेंबापेक्षा मोठा असतोच आणि सरकारी आकड्यात थोडी भीतीही मिसळलेली असणार. पण बाबांचा मुद्दा वेगळा होता. दुसऱ्याच्या आकड्यावर विसंबायचं नाही, आपली गळती आपण मोजायची.

त्यासाठी जी चाचणी करतात तिला लागतं काय, तर बादली. एवढ्या यंत्रयुगात गळती शोधण्याचं पहिलं साधन अजून बादलीच आहे, हे बाबांना फार आवडलं. हौदाच्या पायरीवर, अर्धी बुडेल अशी, हौदाच्याच पाण्यानं भरलेली बादली ठेवायची. तरंगू नये म्हणून आत दोन दगड. बादलीच्या आतल्या पाण्याची रेघ मारायची, बाहेरच्या हौदाच्या पातळीचीही मारायची, भरणारा नळ बंद करायचा आणि चोवीस तास थांबायचं. ऊन दोघांवर सारखं, वारा सारखा, त्यामुळे वाफ सारखीच होणार. हौद बादलीपेक्षा जास्त उतरला तर जो फरक, ती गळती.

बादली आईनं पुण्याहून आणलेली होती, स्टीलची, वीस लिटरची. प्लॅस्टिकच्या बादलीवर तिचा विश्वास नाही. ती बादली पायरीवर बसलेली बघून आईनं विचारलं, "याच्यात पोरांना आंघोळ घालायचीय?" शेजारच्या गृहस्थांनीही कुंपणावरून पाहिलं, पण त्यांना बहुधा धार्मिक विधी वाटला. त्यांनी आदरानं मान खाली घातली.

चोवीस तासांनी बादली सात मिलिमीटर उतरली आणि हौद नऊ. फरक दोन. हौदाचं पृष्ठफळ ४० चौरस मीटर, म्हणजे एक मिलिमीटरला ४० लिटर. दोन मिलिमीटर म्हणजे दिवसाला ८० लिटर.

"चार बादल्या," बाबा म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला. गळती तेवढीच होती, पण आता तिला आकडा होता.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. त्याच हौदातून रोज सात मिलिमीटर पाणी वाफ होऊन उडत होतं, २८० लिटर, चौदा बादल्या. त्याबद्दल घरात कोणीही चकार शब्द काढला नाही. सूर्यानं नेलं ते नेलं, पाइपानं नेलेलं मात्र चालत नाही. चार बादल्यांचं तिथलं बिल महिन्याला दोन-तीन डॉलर भरत असेल. दुरुस्तीचा खर्च पुढे कुठे गेला ते सून सांगू शकेल. तिनं पावत्या ठेवल्या आहेत.

मुलानं शनिवार गळतीला वाहिला. जाणकार सांगतात, संशय घ्यायचा तो आधी स्किमरचा. पाण्यावरचा पालापाचोळा ओढून घेणारं हे प्लॅस्टिकचं तोंड हौदाच्या सिमेंटमध्ये बसवलेलं असतं. प्लॅस्टिक आणि सिमेंट उन्हात वेगवेगळ्या मापानं फुगतात, आणि दोघांची फारकत झाली की मधून पाणी जातं. तपासायची रीत सुंदर आहे. पंप बंद करून, पाणी स्थिर होऊ देऊन, फटीजवळ रंगाचे दोन थेंब सोडायचे. गळती असेल तर रंगाची रेघ सरळ फटीत शिरते, नसेल तर ढगासारखी तिथेच रेंगाळते. मुलानं रंग स्वयंपाकघरातून घेतला, जिलबीचा केशरी. आईनं डबी परत मागितली तेव्हा ती अर्धी झालेली होती. स्किमर निर्दोष निघाला. पाण्याखालच्या दिव्याची कड तपासली, तीही निर्दोष. दुपारपर्यंत मुलाच्या कोपरापर्यंत केशरी रंग चढला होता आणि शेजारच्या गृहस्थांची खात्री पटली होती.

रात्री बाबांनी निकालपत्र वाचलं. "तू दिवसभर पंप बंद ठेवून शोधलंस. आता पंप बंद ठेवून चोवीस तास मोज."

मोजलं. बादली सात, हौद सात.

म्हणजे हौद गळतच नव्हता. गळत होता तो पंप चालू असतानाच, आणि याचा अर्थ धरणाचा भाग निर्दोष असून कालव्यात चोरी आहे. पंपाच्या आधीच्या पाइपात छिद्र असेल तर पंप चालू असताना तिथून पाणी बाहेर येत नाही, उलट हवा आत ओढली जाते. पाणी बाहेर येतं ते पंपाच्या पुढच्या, दाबाखालच्या पाइपातून. वस्तुतः मुलाला हे आठवडाभर आधी कळायला हवं होतं. पण त्याचा पंप चालायचा रात्री अकरा ते सकाळी सात, कारण रात्री वीज स्वस्त. आणि तो गळती बघायला जायचा सकाळी नऊला, कॉफी घेऊन. तोपर्यंत ॲरिझोनाचं ऊन पुरावा चाटूनपुसून साफ करून ठेवत असे.

मग पंप चालू करून मुलानं समोरून सगळं पाहिलं. सांधे कोरडे. पाइप कोरडे. पुण्याचा फोन व्हिडिओवर होता. बाबा "उजवीकडे... थोडं वर... आता मागे" असं ड्रोन चालवल्यासारखं मुलाला चालवत होते. मागे जागा नव्हती, तिथे भिंत आणि खडी. हे चालू असताना आई कढईत काहीतरी परतत खिडकीतून म्हणाली, "मागे जाऊ नकोस हं, घोळ तुडवशील."

"कसला घोळ?"

"अरे, घोळ! तुझ्या त्या पंपामागे काय सुरेख आलाय. परवा ताकातली भाजी केली होती ती कशाची वाटली तुला?"

मुलाला ती पालकाची वाटली होती. दोनदा वाढून घेतली होती.

घोळ ही काही पुण्याचीच मिरास नाही. लालसर देठांची, जाड रसाळ पानांची, आंबटसर चवीची ही रानभाजी ॲरिझोनातही उगवते. मेक्सिकन माणसं तिला वेर्दोलागास म्हणतात आणि त्यांच्या बाजारात ती जुड्यांनी विकली जाते. तिथले बाकीचे लोक तिला तण म्हणून उपटतात. पण ती काही सुक्या खडीत, मे महिन्यात, पाण्याशिवाय हातभर पसरत नाही. पाटबंधाऱ्यांच्या बांधाखाली अचानक हिरवळ दिसली की तिथे झिरपा शोधायचा, हे बाबांनी उभ्या हयातीत कनिष्ठ अभियंत्यांना शिकवलं होतं. घरात शिकवायचं राहून गेलं होतं.

"केव्हापासून आहे?" फोनमधून बाबांनी विचारलं.

"अहो, महिना झाला. मी सकाळी पाचला उठते ना, तेव्हा तिथे बारीक धार असते. म्हटलं ह्यांनी झाडांना सोय केलीये."

मुलगा भिंतीला पाठ घासत आत शिरला. पंपातून वर जाणारा पाइप जिथे आट्यांनी बसवला होता, त्याच्या मागच्या बाजूनं पाणी ओघळत होतं. मिनिटाला पाऊण फुलपात्र. तिथून पंपाच्या पाठीवरून ओट्यावर, ओट्यावरून खडीत, खडीतून घोळात.

मग सुनेला काळजी लागली, कारण हौदाच्या पाण्यात क्लोरीन असतं. आईनं ते हसण्यावारी नेलं. गिरगावातल्या माहेरी नळाला रोज तोच वास यायचा म्हणे. गंमत म्हणजे आकडे आईच्या बाजूनं होते. हौदात क्लोरीन ठेवतात साधारण एक ते तीन पीपीएम, आणि अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात चारपर्यंत चालतं. अर्थात हौदात इतरही औषधं पडतात, त्यामुळे कोणी या लेखावरून भाजीला निघू नये. आई निघालीच होती.

आता दुरुस्ती.

पहिला उपाय कोणीही करतो तोच केला, पाना लावून आवळलं. धार दुप्पट झाली. दुसरा उपाय बाहेरून एपॉक्सीचा लेप. दाबाखालच्या पाण्याला बाहेरून लिंपलेलं रोखत नाही, ते लेपाच्या खालून वाट काढतं. लेप पाटवडीसारखा निघून हातात आला. प्लॅस्टिकचा हा तुकडा आतून आक्रसला होता आणि तो कापून नवा घालण्यावाचून मार्ग नव्हता.

मुलानं पाइपाचा व्यास कॅलिपरनं मोजला. १.९ इंच. दोन इंचांच्या इतका जवळ की कोणालाही दोनच वाटेल. तो दुकानात जाऊन दोन इंची सामान घेऊन आला. ते पाइपावर असं खडखडलं जसा लहान मुलाच्या पायात बापाचा बूट. कारण १.९ इंची पाइपाला तिकडे दीड इंची म्हणतात. दीड इंची पाइपाला कुठूनही मोजा, दीड इंच सापडत नाही. बाहेरून १.९, आतून १.६. आणि दोन इंचीचा बाहेरचा व्यास २.३७५. दीड हे मोजमाप नसून पाळण्यातलं नाव आहे.

"आपल्याकडे पन्नास एमएमचा पीव्हीसी बाहेरून पन्नासच भरतो," बाबा म्हणाले. एरवी स्वदेशाबद्दल ते इतकं चांगलं बोलत नाहीत.

दुसऱ्या खेपेला मुलगा दीड इंची तुकडा घेऊन आला, पण तो दोन्ही बाजूंनी चिकटवायचा होता, आट्यांचा नव्हता. दुकान लाखभर चौरस फुटांचं, माल छतापर्यंत, आणि विचारायला माणूस नाही. पुण्यात बोहरी आळीत याच्या उलट. दुकान आठ बाय दहाचं, पण काउंटरवरचा माणूस आधी विचारतो, "कशाला पाहिजे?" आपण सांगतो. तो न मोजता, न उठता, पोऱ्याला हाक मारतो आणि नेमका तुकडा येतो. वर "तुमचा पंप हवा ओढतोय, झाकण बघा" हेही सांगतो. चँडलरच्या त्या दुकानात हे सांगणारं कोणी नव्हतं, म्हणून ती गोष्ट तिसऱ्या खेपेपर्यंत लांबली.

गोष्ट अशी. रविवारी पोरं सकाळी पंप बंद व्हायच्या आत पोहायला उतरली की पाणी परत येण्याच्या तोंडातून हल्ली बुडबुडे यायचे. पोरं खूश होती, फुकटात जकुझी. बुडबुडे म्हणजे पंप आधीच्या बाजूनं हवा ओढतोय, आणि हवा ओढत होता तो पंपाच्या झाकणाखालची रबरी चकती वाळून चिरली होती म्हणून. हवा साठली की पंप पाणी सोडतो, कोरडा फिरतो आणि आतलं उरलंसुरलं पाणी तापतं. त्या उष्णतेनं प्लॅस्टिकच्या आट्या मऊ होऊन आक्रसतात आणि मग पुढचा सांधा गळतो. चोर झाकणाखाली बसला होता आणि महिनाभर शिक्षा सांध्याला चालली होती.

ती चकती म्हणजे ओ-रिंग. डेन्मार्कहून अमेरिकेत आलेल्या नील्स क्रिस्टेन्सेननं १९३७ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा त्यानं सत्तरी ओलांडली होती. दोन वर्षांनी पेटंट मिळालं. फेब्रुवारी १९८६ मध्ये चॅलेंजर यानाच्या अपघाताच्या चौकशीत रिचर्ड फाइनमन यांनी असल्याच रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवून, थंडीत ते लवचिक राहत नाही हे सगळ्यांसमोर दाखवलं होतं. चँडलरला थंडीचा प्रश्न नव्हता. तिथे ते रबर उन्हानं मेलं होतं. त्यावर सिलिकॉनचं वंगण लावायचं असतं. मुलानं मागच्या वर्षी व्हॅसलीन लावलं होतं, जे काही जातींच्या रबराला फुगवून बिघडवतं. हे त्यानं बाबांना सांगितलं नाही.

आता आट्यांचा प्रश्न. बाबांचं मत सफेदा आणि ताग. मुलाकडे टेफ्लॉनची पांढरी टेप. टेफ्लॉनची जन्मकथा कळल्यावर बाबांनी विरोध मागे घेतला. ६ एप्रिल १९३८ रोजी रॉय प्लंकेट नावाच्या रसायनज्ञानं गॅसचं सिलिंडर उघडलं, तर गॅस बाहेर येईना. गळून गेला म्हणावं तर सिलिंडरचं वजन कमी झालेलं नव्हतं. करवतीनं कापलं तेव्हा आत पांढरी भुकटी निघाली.

"बघ," बाबा म्हणाले, "मोजलं म्हणून सापडलं."

टेप घड्याळाच्या दिशेनं गुंडाळायची असते. कोणत्या बाजूनं बघून, यावर चँडलर आणि पुण्यात वीस मिनिटं गेली. आट्यांच्या तोंडाकडून बघून, हे खरं उत्तर. तोपर्यंत अर्धं रिळ दोन्ही दिशांनी खर्ची पडलं होतं.

चिकटवण्याचं सोल्युशन हा खरं तर गोंद नसतोच. ते पीव्हीसीचे दोन्ही पृष्ठभाग विरघळवतं आणि ते एकमेकांत मिसळून एक होतात. म्हणून तुकडा घालताना पाव फेरा फिरवून अर्धा मिनिट धरून ठेवायचा. चुकला तर घटस्फोट नाही, करवतच. आधी लावायचं प्रायमर जांभळ्या रंगाचं असतं. तो रंग प्लंबरसाठी नसून इन्स्पेक्टरसाठी असतो, लावलं की नाही हे लांबून दिसावं म्हणून. मुलाच्या कोपरावरचा केशरी अजून गेला नव्हता. त्याखाली आता जांभळा चढला.

एका तासात पंप लावून बघायचा त्याचा विचार होता. बाबांनी चोवीस तास सांगितले. डब्यावरच्या सूचनाही जवळपास तेच सांगत होत्या, पण लागू पडली ती बाबांची आज्ञा.

दुसऱ्या दिवशी पंप चालू केला. सांधा कोरडा. बुडबुडे बंद, त्यामुळे पोरं नाराज. तीन दिवस बादली चाचणी झाली. बादली सात, हौद सात. बाबांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये ही गोष्ट सांगितली आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला सगळ्यांदेखत बादलीचं विचारलं.

पण खात्यातला माणूस काम झालं म्हणून नोंदी थांबवत नाही. आणखी पंधरा दिवस भरणारा नळ बंद ठेवून रोजचं वाचन पाठवायचं ठरलं. लाटांनी आकडा हलू नये म्हणून चुकून आणलेल्या दोन इंची पाइपाचा तुकडा पायरीवर उभा बांधून, त्याच्या आत पट्टी बसवली. नदीकाठच्या मोजणी-विहिरीचीच ही छोटी आवृत्ती. आत पाणी आरशासारखं स्थिर, त्यामुळे अर्धा मिलिमीटरही वाचता येऊ लागला.

पहिले चार दिवस सात, सात, सात, सात. इकडे पंपामागचा घोळ आधी मलूल झाला, मग कडेनं वाळायला लागला. आई दोनदा जाऊन बघून आली, काही बोलली नाही.

पाचव्या दिवशी साडेसात. सहाव्या दिवशी साडेसात. सातव्या दिवशीही साडेसात.

"हवा तीच आहे?" पुण्याहून प्रश्न.

"तीच."

"वारा?"

"नाही."

"मग अर्धा मिलिमीटर कुठे जातोय? वीस लिटर! सांधा बघितलास?"

"कोरडा आहे, बाबा. हात लावून बघितलं."

"बादली ठेव पुन्हा."

मुलगा बादली आणायला गेला. गॅरेजमध्ये नव्हती, मोरीत नव्हती, पायरीवरही नव्हती. बरंच शोधल्यावर सापडली. पंपामागे होती, तळाशी थोडं पाणी असलेली, आणि शेजारी तरारलेल्या घोळाला नवी पालवी फुटली होती.